आचारी, आचार्य आणि सहा ओळी

शनिवार सकाळ, पनवेल, पाऊस. वडाळे तलावाला एक फेरी मारून येऊ म्हणून बूट घातले होते, ते तसेच काढून ठेवले. मग घरात रिकामा बसलेला नवरा दिसला की माळा आठवतो, या जगन्मान्य नियमाने आमच्याकडे माळा आवरायला निघाला. त्यात एक दोनशे पानी वही सापडली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात 'फुडकॉन, सीओईपी, नोव्हेंबर २०११'.

"फूडकॉन? खायला गेला होतास?" इति बायको.

फुडकॉन म्हणजे फेडोरा युजर्स अँड डेव्हलपर्स कॉन्फरन्स. जेवणाचं काही आठवत नाही. वहीत दहा-बारा पानं गिचमिड नोट्स आहेत, आणि मधेच एका पानावर मोठ्या अक्षरात एकच शब्द, खाली दोन रेघा मारलेल्या. 'आचाऱ्यांना'. तो बघितला आणि माळा राहिला बाजूला. ही गोष्ट मी आजपर्यंत फक्त दोघांना सांगितलीय. आज लिहूनच टाकतो.

तर तेव्हा मी नवी मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत होतो. नाव सांगत नाही, मी आता तिथे नाही आणि ती माणसं वाईट नव्हती. रोज पनवेलहून ठाण्याची लोकल पकडायची, कोपरखैरण्याला उतरायचं, तिथून रिक्षा. आमचं प्रॉडक्ट म्हणजे डेटाबेसमधल्या माहितीची छापील बिलं आणि रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर, भारतीय भाषांसकट. पतपेढ्या, हॉस्पिटलं, छोट्या नगरपालिका अशी गिऱ्हाइकं. आणि त्याची एक फुकट, ओपन सोर्स 'कम्युनिटी एडिशन' पण होती. आम्हाला तिचा फार अभिमान. प्रेझेंटेशनमध्ये तिच्यासाठी वेगळी स्लाइड असायची.

प्रत्यक्षात काय होतं? सगळं काम आत, कंपनीच्या सर्व्हरवर. सहा महिन्यांनी (कधी नऊ, एकदा चौदा) कोणीतरी एक टारबॉल बांधून बाहेर ठेवायचा. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो ना, तसं. बेल पण वाजवायची नाही. बाहेरच्या लोकांसाठी बग नोंदवायची जागा होती, तिथे ते बिचारे बग नोंदवायचे, काहीजण चक्क पॅच पण लावून द्यायचे. ते बघायचं काम कोणाचंच नव्हतं. म्हणजे माझं होतं, शुक्रवारी संध्याकाळी, वेळ उरला तर.

जून २०१० मध्ये तिथे एक पॅच आला. पाठवणारे कोकणातल्या एका पॉलिटेक्निकमधले शिक्षक. त्यांनी हॉस्टेलच्या मेसचा हिशोब आमच्या फुकट एडिशनवर बसवला होता. आणि दर महिन्याच्या रिपोर्टात 'आचाऱ्यांना दिलेला पगार' हे 'आचार्यांना दिलेला पगार' असं छापून येत होतं. प्राचार्यांनी विचारलं की हे आचार्य कोण आणि यांना पगार एवढा कमी का :)

आता इथे थोडं तांत्रिक, पण मराठी माणसाने एकदा समजून घ्यावं असं. अर्ध्या र ची आपल्याकडे खास भानगड आहे. 'आचार्य' मधला र डोक्यावर चढतो, रफार होतो. 'आचाऱ्या' मधला आडवा राहतो, बारीक कोयरीसारखा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. कुऱ्हाड, गुऱ्हाळ, पांढऱ्या, तिसऱ्या, सगळीकडे हा आडवा र. इंग्रजीत त्याला पापणीवाला र म्हणतात, म्हणे. हिंदीला त्याचं सोयरसुतक नाही, पण नेपाळीला आहे. हा र कॉम्प्युटरला सांगायच्या दोन पद्धती. एक, नुक्तावाला ऱ घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं कॅरेक्टर. ते छापलं जात नाही, जागा खात नाही, फक्त फॉन्टला सांगतं की बाबा रे इथे रफार करू नकोस. युनिकोडला दोन्ही पद्धती मान्य आहेत, आणि जुन्या मजकुरात दुसरी भरपूर सापडते.

आमच्या कोडमध्ये मजकूर 'स्वच्छ' करणारं एक फंक्शन होतं. लोक कुठून कुठून कॉपी-पेस्ट करतात, त्याबरोबर न दिसणारा कचरा येतो, म्हणून झिरो विड्थ नावाचं जे जे असेल ते हे फंक्शन झाडून टाकायचं. त्या झाडूत आपला जॉइनर पण जायचा, आणि आचाऱ्यांना बढती मिळून ते आचार्य व्हायचे. सरांनी सहा ओळींचा पॅच दिला होता. र आणि हलन्ताच्या मागून जॉइनर आला तर तो झाडू नका, त्या तिघांच्या जागी सरळ नुक्तावाला ऱ आणि हलन्त ठेवा. वर नम्र चार ओळी: 'चूक असल्यास कळवावे.'

चूक काहीच नव्हती. मी वाचलं, मनात वा म्हटलं आणि बंद केलं. का, तर बाहेरच्या माणसाचा कोड आत घ्यायचा तर त्याच्या सहीचा कागद लागतो, आणि असा कागद आमच्याकडे तयारच नव्हता. लीगलने 'बघतो' म्हणून दीड वर्ष झालं होतं.

दोन महिन्यांनी एका पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाने हाच बग आणला. कोणा कुऱ्हाडे आडनावाच्या खातेदाराचं पासबुक बिघडलं होतं. मॅनेजर म्हणाला, उद्यापर्यंत हवंय. मी म्हटलं, बाहेरून एक पॅच आलाय खरा. तो म्हणाला, "तो घेता येणार नाही, तुला माहितीये. तू तुझं लिहून टाक ना."

मी माझं लिहून टाकलं. आता सहा ओळींत 'माझं' काय असणार? व्हेरिएबलची नावं बदलली. एक इफ उलटा केला. कमिट माझ्या नावावर. त्या तिमाहीत मला स्पॉट अवॉर्ड मिळालं, दोन हजारांचं कूपन. त्यातून बायकोला घेऊन जेवायला गेलो होतो. (म्हणजे खायला गेलो होतोच, फक्त फुडकॉनला नाही.) सरांचा बग बाहेर तसाच उघडा. पुढच्या टारबॉलमध्ये दुरुस्ती गेली, तेव्हा कोणीतरी एका ओळीत 'नव्या आवृत्तीत दुरुस्त' लिहून तो बंद केला. तो कोणीतरी पण मीच.

आणि मग नोव्हेंबर २०११ ला पुणे. एसटीने गेलो, सीओईपीच्या आवारात तीन दिवस. मी गेलो होतो खरं तर फॉन्टवाल्यांना भेटायला. पुण्यात रेड हॅटचं मोठं ऑफिस, आणि भारतीय भाषांचं बरंच काम तिथून चालतं. लोहित फॉन्ट तुम्ही नकळत कधीतरी वापरला असेलच. रेड हॅटने २००४ मध्ये तो जीपीएलखाली खुला केला. लोहित म्हणजे लाल, टोपी लाल म्हणून फॉन्ट लाल. २०११ मध्येच त्याचं लायसन्स बदलून फॉन्टांसाठीचं ओएफएल झालं. एका कोपऱ्यात लॅपटॉपवर एकजण फॉन्टमधली जोडाक्षरं दाखवत होता. मी वहीत 'आचाऱ्यांना' लिहून पुढे केला आणि आमच्या दुरुस्तीबद्दल सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, "बरोबर केलंय. फार थोडे लोक इतकं बघतात. कोणी केलं हे?"

"मी", मी म्हणालो.

सवयीने गेलं तोंडातून. अवॉर्ड मिळालेलं होतं ना. दोन रेघा नंतर मारल्या, परतीच्या एसटीत.

पण त्या तीन दिवसांत माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी बसलं. फेडोराची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. २००३ मध्ये रेड हॅटने घरोघरी चालणारं 'रेड हॅट लिनक्स' नवव्या आवृत्तीवर थांबवलं. पैसे देणाऱ्यांसाठी एंटरप्राइझ लिनक्स, आणि बाकी जगासाठी फेडोरा. त्याच नोव्हेंबरात 'फेडोरा कोअर १' आलं. नावातला 'कोअर' महत्त्वाचा. कर्नल, कंपायलर, डेस्कटॉप असा मुख्य ऐवज कोअरमध्ये, आणि त्याला हात लावायचा हक्क फक्त रेड हॅटच्या नोकरांना. बाहेरच्या स्वयंसेवकांसाठी वेगळं घर, 'एक्स्ट्राज'. तिथे त्यांनी खपून शेकडो पॅकेजेस बांधली, नियम केले, एकमेकांचं काम तपासायची पद्धत बसवली. पण कोअर बांधलं जायचं कंपनीच्या आतल्या मशीनवर, बाहेरच्याला ते दिसायचं नाही. एक्स्ट्राजने कोअरवर अवलंबून राहायचं, कोअरने एक्स्ट्राजवर नाही. ओळखीचं वाटतंय? मला तर आमचीच स्लाइड दिसली.

साडेतीन वर्षं हे चाललं. मग ३१ मे २००७ ला फेडोरा ७ आलं आणि नावातून 'कोअर' गेला. दोन्ही घरांमधली भिंत पाडली. कंपनीच्या आतलं बांधणीचं यंत्र होतं, नाव 'ब्रू', त्याची खुली आवृत्ती काढली, नाव 'कोजी'. कोजी म्हणजे जपानी लोक साके आंबवायला जी बुरशी वापरतात ती. नावं ठेवावीत तर अशी. आता कर्नलचं पॅकेजसुद्धा कुठे, कसं बांधलं जातंय ते कोणालाही दिसू लागलं, आणि पात्रता असेल तर बाहेरच्यालाही हात लावता येऊ लागला.

मला यात सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच. एकत्र करताना ठरलं की एक्स्ट्राजवाल्यांचे नियम आता कोअरच्या पॅकेजेसनाही लागू. म्हणजे कंपनीच्या पगारी, अनुभवी इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली पॅकेजेस पुन्हा एकदा सगळ्यांसमोर तपासायची. 'मर्ज रिव्ह्यू' म्हणायचे त्याला. विचार करा, तुमचं दहा वर्षांचं काम आणि बाहेरचा कोणी पोरगा लिहितोय की तिसऱ्या ओळीत लायसन्सचं नाव चुकलंय. यातले कितीतरी रिव्ह्यू पुढे वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहिले. हे वाचून मला जरा बरं वाटलं. मोठ्या लोकांचेही शुक्रवार येत नाहीत तर.

(रेड हॅटची आरती ओवाळतोय असं वाटायला नको. याच कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की सेंटओएस ८, जे २०२९ पर्यंत चालणार होतं, ते २०२१ अखेर बंद. पुढे सेंटओएस स्ट्रीम वापरा. जगभर बोंब झाली, रॉकी आणि अल्मा त्यातूनच जन्मली. आणि जून २०२३ मध्ये एंटरप्राइझ लिनक्सचा सोर्स पूर्वीसारखा सगळ्यांपुढे ठेवणंही बंद झालं, लोकांसाठी स्ट्रीम तेवढं उरलं. गंमत अशी की स्ट्रीम म्हणजे एंटरप्राइझ लिनक्सचं काम चालू असतानाच ते बघायची आणि त्यात पॅच द्यायची सोय, जी आधी कधीच नव्हती. म्हणजे स्वयंपाकघर उघडलं आणि वाढलेलं ताट काढून घेतलं. लोकांना ताट हवं होतं. त्यांचा राग मला पटतो, पण मला स्वतःला स्वयंपाकघर जास्त महत्त्वाचं वाटतं. यावर माझी मित्रांशी भांडणं झालीयेत, असो.)

पुण्याहून आल्यावर मी ऑफिसात फेडोरा पुराण लावलं. दोन वर्षं लागली, पण २०१३ मध्ये आमच्याकडेही ठरलं की डेव्हलपमेंट बाहेर काढायची. टारबॉल बंद. रिपॉझिटरी खुली, बग एकाच ठिकाणी, आमच्या लोकांचा कोडसुद्धा सगळ्यांसमोर तपासून आत जाणार. सहीचा कागदही शेवटी तयार झाला. मॅनेजर बदलला होता, नव्या मॅडम आल्या होत्या, त्यांनी हे खरोखर रेटलं.

मीटिंगमध्ये प्रश्न आला, जुना इतिहास द्यायचा का? म्हणजे आठ वर्षांचे सगळे कमिट, कोणी कधी काय लिहिलं त्यासकट. आमचा एक सिनिअर म्हणाला, द्यायचाच, नाहीतर बाहेरच्याला कोड कळणार कसा. दुसरा म्हणाला, त्यात गिऱ्हाइकांची नावं आहेत, कॉमेंटमध्ये शिव्या आहेत. हे खरं होतं. नेटस्केपने १९९८ मध्ये ब्राउझरचा सोर्स खुला केला तेव्हा त्यांनाही दुसऱ्यांकडून घेतलेला कोड, एन्क्रिप्शन आणि शिव्या, तिन्ही काढून टाकाव्या लागल्या होत्या.

मग मी बोललो. मी म्हटलं की लिनसने एप्रिल २००५ मध्ये कर्नल गिटमध्ये आणला तेव्हा जुना इतिहास असूनही बरोबर घेतला नाही, आणि त्याने कर्नलचं काही अडलं नाही. आपणही एकच पहिला कमिट करू आणि पुढे जाऊ. मुद्दा बिनतोड होता. उदाहरण शंभर टक्के खरं. मॅडमना पटलं, आठ वर्षं साफ करायचा खर्च वाचला. आणि मला त्या वेळी डोळ्यांसमोर दिसत होता ऑगस्ट २०१० मधला एक कमिट, सहा ओळी, माझं नाव.

घरी येताना लोकलला बसायला जागा मिळाली होती हेही आठवतंय. माणूस काय काय लक्षात ठेवतो.

बाकी दार उघडल्यावर जे होतं ते झालं. पहिले तीन महिने कोणी फिरकलं नाही. आमचीच पोरं घाबरून कमी कमिट करायला लागली, 'सगळे बघतात' म्हणून. मग हळूहळू माणसं आली. एकाने तमिळचा जुना बग काढला. एकाने आमचं इन्स्टॉलरच नवीन लिहिलं, आमच्यापेक्षा बरं. मी खूश होतो, मनापासून.

२०१४ च्या पावसाळ्यात परदेशातल्या एका हुशार गड्याने कोड साफ करायला घेतला. त्याने एक बदल सुचवला, त्यात ते स्वच्छ करणारं फंक्शन अर्धं केलं होतं आणि 'माझ्या' सहा ओळी उडवल्या होत्या. त्याचं म्हणणं रास्त होतं. हा खास अपवाद कशासाठी आहे ते लिहिलेलं नाही, टेस्ट नाही, इतिहासात बघावं तर फक्त 'पहिला कमिट'. काढून टाकतो. आमच्याकडच्या दोघांनी होकार पण देऊन टाकला, त्यांना मराठी येत नव्हतं. मी त्या आठवड्यात रजेवर होतो, पुतण्याच्या मुंजीला.

परत येऊन बघतो तर खाली सरांचं उत्तर. चार वर्षांनी. तेच कोकणातले सर. त्यांनी आचारी आणि आचार्य, दर्या आणि दऱ्या, कुऱ्हाड, सगळं समजावून दिलं होतं, परक्या माणसाला कळेल अशा सोप्या इंग्रजीत, वर छापलेल्या दोन रिपोर्टांचे फोटो लावून. आणि शेवटी: या ओळी ज्यांनी कोणी लिहिल्या त्यांना मराठी चांगलं येत असलं पाहिजे, त्यांनाही विचारावं.

मी ते किती वेळा वाचलं देव जाणे. दोन दिवस काही लिहिलं नाही. पहिल्या दिवशी मसुदा केला, त्यात 'प्रक्रियेतल्या त्रुटीमुळे' असं काहीतरी होतं. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हे तुझ्या ऑफिसचं सर्क्युलर आहे का?" मग रात्री पुन्हा बसलो. लिहिलं की या ओळी सरांच्या आहेत. जून २०१० मध्ये त्यांनी पॅच दिला होता, तो मी वाचला, नावं बदलून माझ्या नावावर आत टाकला आणि त्यांचा बग बंद केला. बदल मागे घ्यावा आणि लेखकांच्या यादीत त्यांचं नाव घालावं. जुन्या नोंदीचा नंबर दिला. एंटर दाबताना पोटात गोळा आला होता, आणि कूपनचं तेवढं लिहिलं नाही, ते आज लिहितोय.

सकाळी नऊला मॅडमचा फोन. "अरे, मला आधी सांगायचंस ना. सगळ्यांसमोर कशाला?" त्यांचं चूक नव्हतं. लीगलने दोन तास घेतले माझे. नोकरी गेली नाही, अप्रेझलमध्ये काय झालं ते मला कळलं पण कोणी बोललं नाही. ज्युनिअर पोरांपैकी एक महिनाभर मला टाळायचा, ते जास्त लागलं.

सरांना सहीचा कागद पाठवला. त्यांनी स्कॅन करून परत पाठवला. त्यात 'योगदानाची तारीख' असा रकाना होता, तिथे निळ्या शाईने 'जून २०१०'. आणि माझ्या त्या लांबलचक कबुलीखाली त्यांचं उत्तर फक्त दोन ओळींचं: धन्यवाद. टेस्टमध्ये 'गुऱ्हाळ' हा शब्दही घ्यावा, ह च्या आधीचा र अजून तपासलेला नाही.

तपासला. तो चुकतच होता. माझा उलटा केलेला इफ.

आज वही हातात घेऊन बायकोला हे पुन्हा सांगत होतो. ती म्हणाली, "त्या सरांना पहिल्यापासून माहीत होतं." मी म्हटलं, कशावरून, कोड तर बंद होता ना तेव्हा. "टारबॉल तर बाहेर येत होता. आपली स्वतःची सहा ओळींची दुरुस्ती माणसाला ओळखू येणार नाही? नावं बदलली म्हणून?"

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. विचारायला हवं त्यांना. ते आता रिटायर झाले असतील. पाऊस थांबलाय, माळा अर्धाच झालाय, आणि वही ठेवायची की टाकायची यावर अजून एकमत नाही.